हुरमळ्याची चौकट

"आमचो गाव खंय गेलो गो?"

संगणकाच्या पडद्याला नाक टेकवायचं तेवढं बाबांनी बाकी ठेवलं होतं. उजव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड, अंगात माझा लिंबू रंगाचा स्वेटर, आणि डाव्या डोळ्याने ते अख्खी कोकणपट्टी वरून खाली तपासत होते. रत्नागिरीपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. वेंगुर्ल्याच्या पुढे मात्र निळा रंग लागला आणि त्यांचं बोट तिथेच अडकलं.

"थंयच आसा, बाबा. ह्या निळ्या चौकटीत."

"ह्यो तर दर्या."

"दर्याच. आमच्या नकाशात हुरमळां दर्यात येता."

बाबा सरळ झाले. "म्हणजे आमी बुडालंव?"

शेजारच्या टेबलावर तौफिक मुजावर फुटाणे खात बसला होता, तो खो खो हसला. मीही हसले. बाबा हसले नाहीत.

मी त्यांना समजावलं. हवेचं गणित करायचं तर आधी पृथ्वीवर चौकटी आखाव्या लागतात, शाळेच्या गणिताच्या वहीत असतात तशा. एका चौकटीत एकच काय ते लिहायचं. जमीन जास्त असेल तर एक, पाणी जास्त असेल तर शून्य. आमचं हुरमळं म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली जमिनीची एक जीभ. तिच्या वाट्याला शून्य आलं होतं.

"मगे चौकटी बारीक कर."

"बारीक केल्यो तर काम लय वाढता. ह्या मशिनीक झेपणा नाय."

त्यांनी काचेपलीकडे पाहिलं. तिथे कपाटांच्या रांगा घुमत उभ्या होत्या आणि थंडगार हवा जमिनीतून वर येत होती. सकाळी आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं की एवढा थंडावा कोणासाठी, आणि मशिनीसाठी म्हटल्यावर, "माणसाक पंखो आणि मशिनीक एशी," असं म्हणून माझा स्वेटर मागून घेतला होता.

"एवढ्या मोठ्या मशिनीक झेपणा नाय? मगे खंयच्या मशिनीक झेपात?"

त्याचं उत्तर माझ्या टेबलाच्या खणात होतं, आणि ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

ही गोष्ट पुण्यातली, मी सव्वीस-सत्तावीस वर्षांची असतानाची. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून मी त्या संगणक केंद्रात करारावर लागले होते. महासंगणक म्हटलं की लोकांना वाटतं एकच कोणी शास्त्रज्ञ त्याच्यासमोर दाढी खाजवत बसलेला असेल. खरं तर ती सार्वजनिक विहीर होती. रसायनवाले रेणू घेऊन यायचे, खगोलवाले तारे घेऊन यायचे, हवामानवाले ढग घेऊन, आणि तौफिकसारखे जीवशास्त्रवाले प्रथिनांच्या घड्या घेऊन. सगळ्यांना एकाच रांगेत उभं राहावं लागायचं. त्यांचे प्रोग्रॅम अडले की ते सुरळीत चालवून द्यायचे, हे माझं काम. ते मला येत होतं, आवडतही होतं. पण सगळ्यांची लग्नं लावून देणाऱ्या भटजीसारखी माझी गत होती. अक्षता टाकायच्या, जेवायचं, आणि एकटीने घरी यायचं. स्वतःचा एखादा प्रश्न असावा, त्याच्यासाठी मशीन घुमावी, असं मला इतकं वाटायचं की रांगेच्या पडद्यावर दुसऱ्यांच्या नावांच्या जागी मी मनात माझं नाव घालून बघायची.

आमच्या प्रमुख, डॉ. उषा बोडस, यांनी ते ओळखलं असावं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी सूचनाफलकावर एक जाहिरात टाचली, आणि पाचच मिनिटांनी परत येऊन ती काढली व माझ्या हातात दिली. "हे फलकावर कशाला? हे तुझंच आहे."

जर्मनीतल्या एका संस्थेला माणसं हवी होती. विषय कोणताही चालेल, रसायन म्हणा, जीव म्हणा, हवा म्हणा, पण मोठ्या मशीनवर तो विषय पळवता आला पाहिजे. तीन वर्षं. हवामानासाठी त्यांच्याकडे जी मशीन होती, तिच्यापुढे आमची म्हणजे अंगणातला हौद. अट एकच होती. मुलाखतीत स्वतः केलेलं एक काम दाखवायचं. मी अर्ज केला आणि ती जाहिरात खणात ठेवली.

म्हणून मॅडमनी मला मशीनवर थोडा वेळ मिळवून दिला, आणि मी पश्चिम किनाऱ्यावरच्या वळवाच्या सरींचा प्रश्न घेतला. फायली तयार केल्या, काम रांगेत लावलं आणि वाट बघत बसले. पुढे बरेच जण होते. एकेक करत ते संपले, आणि माझ्या अगदी पुढे तौफिकचं एक अवाढव्य काम तेवढं उरलं.

त्यात बाबांच्या डोळ्याचं निघालं. बाबा, भिवा तारी, हुरमळ्याच्या खाडीवर तर, म्हणजे ने-आणीची होडी, चालवत. या तीरावरची माणसं, कोंबड्या, लग्नाची वऱ्हाडं त्या तीराला, त्या तीरावरची या तीराला. मी एम. एस्सी.ला असताना आई गेली. तेव्हापासून घरात ते एकटे. मोतीबिंदू काढायला मी त्यांना पुण्याला आणलं, तर खोलीवर एकटे बसेनात, म्हणून केंद्रात घेऊन यायची. रोज संध्याकाळी ठरवायची की आज जर्मनीचं सांगायचं, आणि रोज त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालताना धीर सुटायचा. बाजूच्या घरी भांडी पडली तरी ते दचकून माझ्या नावाने हाक मारत होते. अशा माणसाला काय म्हणून सांगायचं की मी चालले?

तर त्या दिवशी बाबा स्टुलावर बसून त्या निळ्या चौकटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आवशीन लावलेलो माड. तोय पाण्यातच म्हणायचो."

मला ते ऐकवलं नाही. मी जमीन-पाण्याची फाइल उघडली. शून्यांच्या आणि एकांच्या ओळीच ओळी. हुरमळ्याचं शून्य शोधलं, खोडलं, तिथे एक लिहिलं. शेजारच्या चौकटीतली माती उचलून या चौकटीला दिली, तिथलंच गवत दिलं, आणि नकाशा पुन्हा काढला. निळ्यात एक तपकिरी चौकट उमटली. किनाऱ्याला नाक फुटल्यासारखी.

"इलो!" बाबा ओरडले. त्यांनी त्या चौकटीवर अंगठा दाबून धरला, वल्ह्याने घट्टे पडलेला. "मुजावरांनू, बघा, आमचो गाव इलो!"

"अभिनंदन काका," तौफिक म्हणाला. "आता सातबारा करून घ्या."

"आणि खाडी?" बाबांनी मला विचारलं.

"खाडी येवची नाय. लय बारीक आसा."

"मगे मी तर खंय चलवू?"

आता ते हसत होते. नेत्रतज्ज्ञांकडे तपासणीची वेळ झाली होती, म्हणून आम्ही तसेच निघालो. वाटेत मिसळ खाल्ली. ती त्यांना गोडूस वाटली.

परत आलो तेव्हा तौफिक दारातच उभा होता. "प्रणिता, रांग बघ."

माझं काम सुरू झालं होतं. पुढचं ते अवाढव्य काम रांगेतून गायब होतं.

"तुझं कुठे गेलं?"

"काढून घेतलं. माझं प्रथिन काय, पुढच्या महिन्यातही घडी घालत बसेल. तुझी मुलाखत जवळ आली."

रांगेतली जागा सोडणं म्हणजे काय, ते फक्त त्या रांगेत उभं राहिलेल्यालाच कळतं. मी त्याला चहा पाजला, वर क्रीमरोल दिला. माझं नाव पडद्यावर पहिल्या ओळीत चमकत होतं, आणि ते मी उगाचच पुन्हा पुन्हा वाचत होते.

निकाल आला तो पाहून बोडस मॅडम खुर्चीतून उठल्याच. वेंगुर्ल्याच्या खाली, ऐन किनाऱ्याला लागून, दुपारच्या वेळी पावसाचा एक ठसठशीत डाग पडत होता. आजवर केलेल्या कोणाच्याच नकाशात तो नव्हता. "हे बघ, हे असं असतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांना न दिसलेलं आपल्याला दिसणं." दोन दिवस आम्ही त्या डागाची कारणं शोधली. किनाऱ्याचा बाक, सह्याद्रीची उंची, समुद्रावरून येणारा वारा. कारणं हवी तेवढी सापडतात.

मुलाखत दुपारी होती, केंद्राच्या सभागृहात, व्हिडिओवरून. बाबांना मी मीटिंग आहे एवढंच सांगितलं आणि बाहेर बाकावर बसवलं. पडद्यावर तिघं जण होते. बोलत होत्या त्या डॉ. लिंडनर, आखूड पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. मी फाडफाड बोलत गेले. इंग्रजी अडखळलं नाही. मॅडम कोपऱ्यात बसून माना डोलावत होत्या.

"हा डाग," लिंडनरबाई म्हणाल्या, "नेमका इथेच का?"

मी नकाशा मोठा केला. "इथे किनारा पुढे येतो, त्यामुळे दुपारी ही जमीन तापते आणि समुद्रावरची हवा..."

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. इथे किनारा पुढे येत नाही. मला तो किनारा पाठ आहे. आमच्या नकाशात तर तिथे जमीनच नाही. पडद्यावरची किनाऱ्याची रेघ बघितली, तर तिला नाक होतं.

काम रांगेत लावतो तेव्हा मशीन फायली उचलून ठेवत नाही. पाळी आली की त्या क्षणी जी फाइल समोर असेल, ती वाचते. माझी पाळी आठवड्याने यायची होती. ती आली आम्ही मिसळ खात असताना. आणि तेव्हा फाइलमध्ये हुरमळ्याच्या चौकटीत एक होतं. ते नंतर पुसायचं मी साफ विसरले होते.

"काही अडचण?" लिंडनरबाईंनी विचारलं.

"हा पाऊस खरा नाही," मी म्हटलं. "इथे समुद्र आहे. जमीन मी हाताने घातलीय."

कोपऱ्यात मॅडमची खुर्ची करकरली.

"का?"

"तिथे माझं गाव आहे. माझे वडील तिथे राहतात. नकाशात गाव दिसेना म्हणून त्यांना वाईट वाटलं. मी ते त्यांच्यापुरतं दाखवलं, आणि काढायचं राहिलं."

तिघं एकमेकांशी त्यांच्या भाषेत काही बोलले. माझे कान इतके गरम झाले होते की आवाज बंद झाला असता तरी कळलं नसतं. मग लिंडनरबाई हसल्या, मोठ्याने नाही. "म्हणजे गेली वीस मिनिटं तुम्ही आम्हाला तुमच्या वडिलांवर पडणारा पाऊस दाखवताय."

"हो."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "एक विचारते. आमच्या चौकटी तुमच्याहून लहान आहेत, पण अजून तेवढ्या लहान नाहीत. तुम्ही इथे आलात, तरी पुष्कळ वर्षं तुमचं गाव समुद्रातच असेल. त्याला तसंच ठेवून तुम्हाला काम करता येईल?"

दाराच्या काचेतून मला बाकाचं टोक दिसत होतं, आणि बाबांचा एक पाय, चपलेबाहेर काढून ठेवलेला. मला तिथे जायचं होतं. इतकं जायचं होतं की लाज वाटावी.

"येईल," मी म्हटलं.

"मग बरोबर केलेलं काम पाठवा. आठवड्याच्या आत."

बाहेर पडल्यावर मॅडमनी माझा समाचार घेतला. "जमिनीच्या फाइलला हात लावतेस? देवघरात चपला घालून गेल्यासारखं आहे हे! आणि मी वेडी, दोन दिवस कारणं काय शोधतेय!" एवढं बोलून त्या दम खायला थांबल्या. "माझ्या प्रकल्पाच्या वाट्यातला वेळ घे आणि परत चालव. जर्मनीला जायचंय ना तुला?"

बाकावर बाबा होते. ते उभे राहिले.

"खंय जावचा आसा?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. मी बाबांना परत बसवलं, शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघितलं नाही, समोरच्या झाडाच्या कुंडीकडे बघितलं. माझं झाल्यावर त्यांनी चपलेत पाय घातला, काढला, पुन्हा घातला.

"थंयच्या मशिनीत आमचो गाव दिसात?"

"आता नाय. पुढे कधीतरी."

"खाडी?"

"त्याच्याहून पुढे."

"हूं," ते म्हणाले. मग उठून दाराकडे चालू लागले.

रविवारी सकाळी मी काम पुन्हा लावायला बसले. हॉलमध्ये कोणी नव्हतं. बाबा हट्टाने बरोबर आले होते आणि त्याच स्टुलावर बसले होते. झापड निघाली होती, आता काळा चष्मा. मी फाइल उघडली, ते एक सापडलं, त्याच्यापुढे कर्सर नेऊन ठेवला आणि हात तसाच राहिला. वाटत होतं की मी हे खोडलं की झालं. मी गेले, हे एकटे राहिले, आणि ते मी माझ्या बोटाने केलं.

"काय करतंस?"

"आपलो गाव काढतंय, बाबा."

ते पुढे वाकले. काळ्या काचांतून त्यांना तो आकडा दिसला असेल असं मला वाटत नाही. मग त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं, तरीत पहिल्यांदा बसणाऱ्या लहान पोरांना थोपटायचे तसं, आणि हसले.

"काढ गो. मी थंय ऱ्हवतंय काय?"

मी एक खोडलं आणि शून्य लिहिलं. नवा निकाल आला. डाग नाहीसा झाला होता. राहिला तो एक साधा, सगळ्यांच्या नकाशासारखा नकाशा, आणि त्यात कोणी उठून उभं राहावं असं काही नव्हतं. तो मी पाठवला. महिन्याभराने निवडीचं पत्र आलं. मॅडम म्हणाल्या, "पावसासाठी घेतलेलं नाही हो तुला, फार चढू नकोस," आणि डोळे पुसले. तौफिक म्हणाला, "माझी जागा दिली नसती तर तुझा घोटाळाच झाला नसता. घोटाळा नसता तर त्या बाईंना तू लक्षात राहिली नसतीस. तेव्हा पहिला पगार मला." त्याने ती जागा खरोखर का दिली, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पुढे तो बंगळुरूला औषधांच्या एका कंपनीत गेला. तिकडेही प्रथिनांच्याच घड्या घालतो. ईदला मी संदेश पाठवते, तो उत्तरात फुटाण्यांचा फोटो पाठवतो.

तीन वर्षांची पुढे बरीच वर्षं झाली. दर रविवारी मी फोन करायची. बाबा पाऊसपाणी सांगायचे, माडाला किती नारळ लागले ते सांगायचे, आणि ठेवताना न चुकता विचारायचे, "इलो काय?"

"नाय, बाबा. अजून दर्यातच."

"ऱ्हवांदे. आमका पवता येता."

चौकटी हळूहळू बारीक होत गेल्या. वेंगुर्लं नीट दिसायला लागलं, मग दीपगृहाचे खडक. हुरमळं निळंच. मधल्या काळात खाडीवर पूल झाला आणि तर बंद पडली. मी म्हटलं, इकडे या. ते म्हणाले, थंयसर खाडी आसा काय? मी म्हटलं, मोठी नदी आहे, बंदर आहे, जहाजं आहेत. ते म्हणाले, जहाजांक माझा काय काम. मी दर दोन वर्षांनी जायची. निघताना ते पुलाच्या तोंडापर्यंत यायचे आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात वर धरून उभे राहायचे. मागच्याच्या मागच्या शिमग्याला ते गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

या वर्षी आमच्याकडे नवी मशीन आली. चौकट आता एवढी लहान, की एका चौकटीत आमची वाडीसुद्धा पुरती मावत नाही. पहिल्या दिवशी सगळे आपापली कामं रांगेत लावत होते आणि मी जमीन-पाण्याची फाइल उघडून बसले. मीच ओळ शोधली. हुरमळ्यातल्या आमच्या घराच्या चौकटीत एक होतं. कोणी हात लावलेला नव्हता, खरोखरीची जमीन मोजून आलेलं एक. त्याच्या उजव्या अंगाला शून्यांची एक बारीक उभी ओळ होती, आणि तिच्या पलीकडे पुन्हा एक. खाडी आली होती. दोन्ही तीरांसकट.

"गाव इलो, बाबा," मी पडद्याला म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वर पाहिलं. तिला वाटलं मी तिच्याशी बोलतेय.

मग मी त्या एकावर अंगठा दाबून बसून राहिले. मी थंय ऱ्हवतंय काय, असं त्यांनी हसून विचारलं होतं, आणि मी ते खरं धरून निघाले होते. ते खोटं बोलले होते. तेव्हा ते तिथेच राहत होते, मी खोडलेल्या त्या चौकटीत, एकटे.